‘फॉरमॅट करू का?’ विचारण्याआधी डिस्क ओळखायला शिका



झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, कॉम्प्युटर दुरुस्ती असं दुकान टाकायचा विचार तुमच्यापैकी बरेच जण करताय. त्या दुकानात रोज घडणारा एक प्रसंग आधी सांगतो. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह पुढे करतं आणि म्हणतं, “दादा, हा उघडत नाहीये, जरा बघता का?” तुम्ही तो विंडोजच्या मशीनला लावता. लगेच स्क्रीनवर चौकट येते की ही डिस्क वापरायची असेल तर आधी फॉरमॅट करावी लागेल. खाली दोन बटणं, फॉरमॅट आणि कॅन्सल. दुकानात अजून चार जण उभे आहेत, एकाला उत्पन्नाच्या दाखल्याचा फॉर्म भरायचाय, एकाची बस सुटतेय. बोट आपोआप पहिल्या बटणाकडे जातं.

तिथेच थांबायचं. ती चौकट खरं म्हणजे एवढंच सांगते की “मला, म्हणजे विंडोजला, हे वाचता येत नाही.” डिस्क रिकामी आहे असं ती म्हणत नाही. डिस्क खराब आहे असंही म्हणत नाही. कानडी पत्र आपल्याला वाचता आलं नाही म्हणून आपण ते कोरा कागद समजून त्याच्यावर किराणा सामानाची यादी लिहीत नाही ना? पण डिस्कच्या बाबतीत दुकानदार नेमकं हेच करतात. मीही केलंय, आणि त्याची किंमत मोजलीय.

२०१८ ची गोष्ट. बीबीए झाल्यावर कराडला दुकान टाकून मला तीनेक वर्षं झाली होती. बीबीएत बॅलन्स शीट शिकवतात, दुसऱ्याची हार्ड डिस्क हातात आली की काय करायचं ते कोणी शिकवत नाही. लग्नसराईचे दिवस होते. आमचा एक नेहमीचा फोटोग्राफर त्याची १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क घेऊन आला, “दादा, याची एक कॉपी काढून ठेवा, डिस्क जरा आवाज करतेय.” मी डिस्क मशीनला लावली आणि कॉपी करायला घेणार, तेवढ्यात एक कॉलेजचा मुलगा आला. त्याला लिनक्सचा बूटेबल पेन ड्राइव्ह हवा होता. दोन मिनिटांचं काम, म्हटलं आधी ह्याला मोकळं करू.

आदल्या दिवशी मी तेच काम केलं होतं. टर्मिनलवर वरचा ॲरो दाबला, कालची डीडी कमांड परत आली, एंटर दाबलं. डीडी ही कमांड काही विचारत नाही. ‘नक्की का?’ वगैरे भानगड नाही, सांगाल तिथे लिहायला सुरुवात. काल पेन ड्राइव्हला सिस्टिमने एसडीबी म्हटलं होतं. आज एसडीबी होती फोटोग्राफरची डिस्क, आणि पेन ड्राइव्ह झाला होता एसडीसी.

पेन ड्राइव्हचा दिवा लुकलुकत नाहीये आणि शेजारच्या डिस्कचा लुकलुकतोय, हे मला दिसलं तेव्हा मी कंट्रोल-सी दाबलं. तोवर सुमारे दीड जीबी लिहून झालं होतं. डिस्क एक्सफॅट होती. एक्सफॅटमध्ये कुठली फाइल कुठे ठेवलीय याचा हिशेब आणि सगळ्यात वरची फोल्डरची यादी साधारण सुरुवातीलाच असते. म्हणजे मी पुस्तकाची अनुक्रमणिकाच फाडली होती, आणि पहिली काही पानंही.

तीन रात्री जागून फोटोरेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने बरेच फोटो परत मिळवले. पण फोटोरेक फाइलचं नाव आणि फोल्डर परत आणत नाही, फोटो कोणत्या तरी नंबराने एका ढिगात येतात. नऊ-दहा लग्नांचे हजारो फोटो, नवरी कुठली नवरा कुठला, तारखा बघून वेगळे केले. एका बारशाचे फोटो मात्र त्या पहिल्या दीड जीबीतच होते. ते गेले ते गेलेच. फोटोग्राफर मला म्हणाला, “दादा, आता त्या ताईंना मी काय सांगू?” मी त्याच्याबरोबर त्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला. तो कसा प्यायलो माझं मला माहीत. नातेवाइकांच्या मोबाइलमधले फोटो गोळा करून एक अल्बम माझ्या खर्चाने करून दिला, पण तो तो अल्बम नव्हता.

म्हणून आज एकच विषय: डिस्कला हात लावायच्या आधी ती कोण आहे आणि तिच्यावर कुठली फाइल सिस्टिम आहे, हे कमांड लाइनवर कसं ओळखायचं. रिकव्हरी, पार्टिशन, क्लोन हे सगळं नंतर.

एसडीबी हा टोकन नंबर आहे

दवाखान्यात टोकन मिळतं तसं समजा. आज २ नंबरचं टोकन पाटलांकडे, उद्या कुलकर्ण्यांकडे. कुठलाही डॉक्टर ‘२ नंबरवाल्याचं ऑपरेशन करा’ असं म्हणत नाही, आधी नाव विचारतो, फाइल बघतो. लिनक्समध्ये डिस्क जशा सापडतील तसं त्यांना एसडीए, एसडीबी, एसडीसी असं टोकन मिळतं. मशीन रिस्टार्ट केलं, यूएसबीचं पोर्ट बदललं, मध्येच दुसरं काही लावलं की नंबर बदलू शकतो. विंडोजमधलं ई ड्राइव्ह, एफ ड्राइव्ह, डिस्क १, डिस्क २ हेही तसंच.

डिस्कची खरी ओळख चार गोष्टींत असते: आकार, मॉडेल, सिरीअल नंबर, आणि आतल्या फाइल सिस्टिमचा यूयूआयडी. यूयूआयडी म्हणजे फॉरमॅट करताना त्या भागाला मिळालेला लांबलचक नंबर. पुन्हा फॉरमॅट केलं तर तो बदलतो, पण पोर्ट बदललं म्हणून बदलत नाही.

या कामासाठी मी विंडोज वापरत नाही. कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप ठेवलाय, त्याच्यावर लिनक्स मिंट आहे. तुम्ही उबंटूचा पेन ड्राइव्ह करून, इन्स्टॉल न करता नुसतं ‘ट्राय’ करूनही हे सगळं करू शकता. लिनक्सला जगातल्या बऱ्याच फाइल सिस्टिम ओळखता येतात आणि न ओळखलेल्या डिस्कला तो ‘फॉरमॅट करू का’ म्हणून मागे लागत नाही. एक सेटिंग मात्र आधी करा: लावलेली डिस्क आपोआप माउंट व्हायची सोय बंद करून टाका. नाहीतर तुम्ही ओळख पटवायच्या आधीच सिस्टिम ती उघडून बसते.

खाली कमांड मी व्हिडिओत बोलतो तशाच लिहिल्यात. टाइप करताना प्रत्येक उच्चाराचं इंग्रजी लहान अक्षर घ्या आणि सलग लिहा. हायफनच्या आधी मात्र एक स्पेस असते.

पहिली कमांड: एलएसबीएलके

ही एकच कमांड नीट शिकलात तरी ऐंशी टक्के काम झालं. ती फक्त बघते, काही लिहीत नाही, त्यामुळे कितीही वेळा चालवा.

माझी पद्धत साधी आहे. गिऱ्हाइकाची डिस्क लावायच्या आधी एकदा एलएसबीएलके चालवतो. मग डिस्क लावतो, पाच सेकंद थांबतो, परत चालवतो. जी ओळ नवीन आली ती गिऱ्हाइकाची डिस्क. यात हुशारी काही नाही, पण त्या दिवशी मी एवढं केलं असतं तर बारशाचे फोटो राहिले असते.

स्क्रीनवर झाडासारखी रचना दिसते. वर डिस्क, खाली तिच्या फांद्या म्हणजे पार्टिशन. एसडीए ही अख्खी डिस्क, एसडीए१ आणि एसडीए२ हे तिचे भाग. नवीन लॅपटॉपमधल्या एनव्हीएमई एसएसडीचं नाव वेगळं असतं, एनव्हीएमई०एन१, आणि तिच्या भागांपुढे पी१, पी२ लागतं. मशीनच्या आतल्या कार्ड स्लॉटमधलं मेमरी कार्ड एमएमसीबीएलके० असं दिसतं. यूएसबी कार्ड रीडरमधून लावलं तर तेच कार्ड एसडीबी किंवा एसडीसी म्हणून येतं.

आकाराकडे बघताना गोंधळू नका. ५०० जीबीची डिस्क इथे ४६५.८जी दिसते, १ टीबीची ९३१.५जी. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, ही कमांड १०२४ च्या. यावरून गिऱ्हाईक भांडायला येतं, “५०० ची घेतली, ४६५ च भरली, फसवलं मला.” त्याला कॅल्क्युलेटरवर करून दाखवा, शांत होतो आणि तुमच्यावर विश्वासही बसतो.

आता हीच कमांड थोडी वाढवा. एलएसबीएलके, स्पेस, हायफन ओ, स्पेस, आणि पुढे नेम, साइझ, ट्रॅन, मॉडेल, सिरीअल हे शब्द, मध्ये फक्त स्वल्पविराम, स्पेस नाही. ट्रॅनच्या खाली डिस्क कुठून जोडलीय ते कळतं, यूएसबी, साटा की एनव्हीएमई. तुमच्या मशीनची स्वतःची डिस्क साटा असेल आणि गिऱ्हाइकाची यूएसबी, तर दोघींत गल्लत व्हायचं कारणच नाही. आरएम नावाचा एक रकाना नेहमी दिसतो, काढता येणाऱ्या डिव्हाइससाठी १ दाखवतो. त्याच्यावर विसंबू नका. पेन ड्राइव्हला १ येतो, पण बहुतेक यूएसबी हार्ड डिस्कला ० च येतो.

अजून एक खाच आहे. डिस्क बाहेर काढून साटा-टू-यूएसबी कन्व्हर्टरने लावली असेल तर कधीकधी मॉडेल आणि सिरीअलच्या जागी कन्व्हर्टरचंच नाव येतं. म्हणून डिस्कच्या स्टिकरवरचा नंबर आणि स्क्रीनवरचा नंबर दोन्ही बघा. जुळत नसतील तर स्मार्टसीटीएल कमांड डिस्कला आतून विचारून बऱ्याचदा खरा नंबर काढते. डिस्क किती तास चाललीय तेही ती सांगते. सेकंडहँड डिस्क ‘नवीन आहे’ म्हणून कोणी विकायला आला की मी तोच आकडा आधी बघतो.

डिस्क लावली आणि काहीच आलं नाही तर? एलएसबीएलके शून्य आकाराचं डिव्हाइस लपवते. हायफन ए लावून बघा. ० दिसलं तर रिकामा कार्ड रीडर असेल किंवा पेन ड्राइव्हचा कंट्रोलर गेलेला असेल. दुसऱ्या खिडकीत सुडो डीएमईएसजी हायफन डब्ल्यू चालू ठेवून डिस्क लावलीत तर कर्नल काय बोलतो ते ओळीओळीने दिसतं: कुठलं डिव्हाइस आलं, कुणी बनवलं, सिरीअल काय, टोकन कुठलं मिळालं. तिथे आय/ओ एररच्या ओळी धडाधड यायला लागल्या तर डिस्क मरायला टेकलीय. मग बाकीची हौस बाजूला ठेवायची, डिस्क बंद करायची, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं की हे रिकव्हरी लॅबचं काम आहे. असं काम परत पाठवताना जीव तुटतो, पण पाठवा.

आत काय आहे: फाइल सिस्टिम

डिस्क कुठली ते कळलं, आता तिच्यावर कुठल्या लिपीत लिहिलंय ते बघू. एलएसबीएलके हायफन एफ. एफएसटाइप नावाचा रकाना येतो, शेजारी लेबल आणि यूयूआयडी. खात्रीसाठी सुडो बीएलकेआयडी चालवा. सुडो विसरू नका, नाहीतर ती आधीची साठवलेली माहिती दाखवू शकते, आणि आपल्याला आत्ताची हवीय.

एफएसटाइपमध्ये व्हीफॅट दिसलं तर तो फॅट कुटुंबातला, बहुतेक वेळा फॅट३२. टीव्ही, गाडीचा टेप, स्पीकर, जुना प्रोजेक्टर, सगळ्यांना ही समजते. पण यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. “दादा, १२ जीबी रिकामं आहे तरी लग्नाचा व्हिडिओ जात नाही,” ही तक्रार आली की पेन ड्राइव्ह खराब म्हणून नवीन विकू नका, आधी एफएसटाइप बघा. याच्या उलटही होतं. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह बहुधा एक्सफॅट असतो, आणि ट्रॅक्टरवरचा टेप तो वाचत नाही. मालक म्हणतो तुम्ही गाणी नीट भरली नाहीत. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत अनेक वर्षं ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच येत नव्हता, त्यामुळे बऱ्याच दुकानदारांना हा इलाज माहीतच नाही. लिनक्सवर होतो. गाण्यांची कॉपी काढून ठेवायची, मालकाला विचारायचं, मगच.

एनटीएफएस म्हणजे विंडोजची, १९९३ च्या विंडोज एनटीपासून चालत आलेली. लिनक्सवर उघडताना कधी ती फक्त वाचण्यापुरती उघडते, कारण विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपलेलं असतं. जबरदस्ती करू नका. आपल्याला वाचायचंच आहे. ईएक्सटी४ म्हणजे लिनक्सची. एपीएफएस किंवा एचएफएसप्लस म्हणजे ॲपलची. एपीएफएस मॅकमध्ये २०१७ पासून आलीय. या तिन्ही विंडोजला कळत नाहीत आणि ‘फॉरमॅट करा’ची ती चौकट नेमकी अशा वेळी येते. पुण्याहून आलेल्या एका मॅडमच्या डिस्कबाबत दुसऱ्या एका दुकानात ‘करप्ट झालीय, फॉरमॅट करावी लागेल’ असं सांगितलं होतं. माझ्याकडे एलएसबीएलके हायफन एफने एपीएफएस दाखवलं. म्हटलं, “मॅडम, तुमच्याकडे मॅक आहे का?” म्हणाल्या, आधीच्या ऑफिसचा होता. डिस्क ठणठणीत होती. भाचीच्या मॅकला लावली आणि सगळं उघडलं. मला तपासणीचे १५० रुपये मिळाले आणि पुढे त्यांच्या ऑफिसचं सगळं प्रिंटिंगचं काम.

बिटलॉकर असं दिसलं तर कुलूप आहे. हल्लीच्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये मालकाला माहीतही नसताना हे चालू असतं. ४८ अंकी रिकव्हरी की लागते, ती बहुतेकदा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते. की मिळाल्याशिवाय काम घेऊ नका आणि ‘करून देतो’ असं तर अजिबात म्हणू नका. क्रिप्टो लुक्स दिसलं तर तेच, लिनक्सचं कुलूप.

लिनक्स रेड मेंबर असं आलं तर समजायचं ही डिस्क एकटी नाही, हिची भावंडं आहेत. एखाद्या ऑफिसच्या नॅस बॉक्समधून कोणीतरी एकच काढून आणलीय. बाकीच्या मागवा, आणि कुठली कुठल्या खणात होती ते लिहून आणायला सांगा.

आणि आयएसओ९६६०. हे पेन ड्राइव्हवर दिसलं की मला हसू येतं. पोरगं सांगतं, “दादा, ३२ जीबीचा होता, आता चार-पाच एमबीच दाखवतोय, जळला वाटतं.” जळला नाही. कुणीतरी लिनक्सची आयएसओ त्याच्यावर सरळ लिहिलीय आणि विंडोजला त्यातला एक बारका तुकडाच दिसतोय. मालकाला विचारून साफ केला की पूर्ण ३२ जीबी परत.

आणखी एक गैरसमज. काही जण डीएफ चालवतात आणि डिस्क दिसली नाही म्हणून ‘डिटेक्ट होत नाही’ सांगून मोकळे होतात. डीएफ फक्त माउंट झालेल्या गोष्टी दाखवते. डिस्क दारात उभी आहे, आत घेतलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

रकाना रिकामा असेल तर

इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. एफएसटाइपच्या खाली काहीच नाही. नवीन कोरी डिस्क असेल, फाइल सिस्टिमचा सुरुवातीचा भाग खराब झाला असेल, किंवा लिनक्सलाही माहीत नसलेल्या पद्धतीने लिहिलेली असेल. तिन्ही वेळा रकाना रिकामाच दिसतो, पण पहिल्या डिस्कवर काहीच नसतं आणि उरलेल्या दोन्हींवर कुणाचं तरी सगळं असतं.

एका सोसायटीचे चेअरमन काका डीव्हीआरमधली हार्ड डिस्क काढून घेऊन आले. आवारातून मोटारसायकल चोरीला गेली होती, पोलिसांनी फुटेज मागितलं होतं. त्यांच्या पुतण्याने ती घरी विंडोजला लावली, तेव्हा डिस्क इनिशिअलाइझ करा असं आलं, आणि नशिबाने त्याने कॅन्सल केलं. ओके दाबलं असतं तर विंडोजने डिस्कच्या सुरुवातीला स्वतःचा पार्टिशन टेबल लिहिला असता. माझ्याकडे एलएसबीएलकेत २ टीबीची डिस्क, १.८टी, पण पार्टिशन नाही, फाइल सिस्टिम नाही. सुडो फाइल हायफन एस, पुढे स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीबी, असं विचारलं. ही कमांड डिस्कचे पहिले बाइट वाचून अंदाज सांगते. तिने नुसतं ‘डेटा’ म्हटलं. म्हणजे तिच्या ओळखीचं काही नाही.

डीव्हीआर बनवणाऱ्या अनेक कंपन्या स्वतःच्याच पद्धतीने डिस्कवर लिहितात. काकांना म्हटलं, “काका, डिस्कला काही झालेलं नाही. ही परत डीव्हीआरमध्येच लावू आणि तिथूनच पेन ड्राइव्हवर काढू.” त्यांच्याबरोबर गेलो, फॅट३२ चा पेन ड्राइव्ह नेला, त्या रात्रीचे दोन तास काढून दिले. तपासणी अधिक भेट असे ५०० घेतले. काकांनी न सांगता पावतीवर सोसायटीचा शिक्का मारून घेतला, हिशेबाला लागतो म्हणे!

तर रकाना रिकामा दिसला की गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचा: ही डिस्क शेवटची कशात चालत होती? लॅपटॉप, मॅक, डीव्हीआर, सेट टॉप बॉक्स, कॅमेरा? निम्मं उत्तर तिथेच मिळतं. आणि उघडून बघायचीच असेल तर केवळ वाचण्यापुरती माउंट करा, माउंट हायफन ओ आरओ. त्याच्याही आधी सुडो ब्लॉकडेव्ह हायफन हायफन सेटआरओ चालवून अख्ख्या डिस्कलाच ‘लिहायचं नाही’ अशी पाटी लावता येते. पुढे डिस्कचं नाव टाकताना टोकन पुन्हा एकदा तपासा.

ज्यांच्याकडे फक्त विंडोज आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: पॉवरशेलमध्ये गेट-डिस्क आणि गेट-व्हॉल्यूम या दोन कमांड नुसत्या बघण्याच्या आहेत, त्या वापरा. डिस्कपार्टमध्ये लिस्ट डिस्क, लिस्ट व्हॉल्यूम, डिटेल डिस्क ठीक आहे, पण त्याच खिडकीत क्लीन नावाची कमांड आहे आणि डीडीसारखीच तीही काही विचारत नाही. नवीन मुलाला कामावर ठेवलंत तर त्याला डिस्कपार्ट शिकवूच नका. मॅकवर डिस्कयूटिल लिस्ट.

डिव्हाइसच खोटं बोलत असेल तर

स्टॉक घेताना उपयोगी पडेल म्हणून हे सांगतो. होलसेल बाजारात आणि ऑनलाइन ‘२ टीबी पेन ड्राइव्ह’ चार-पाचशे रुपयांत मिळतो. एलएसबीएलकेही त्याला १.८टी किंवा २टी दाखवेल, कारण ती डिव्हाइसला विचारते आणि डिव्हाइसच्या कंट्रोलरला खोटं सांगायला शिकवलेलं असतं. आत चिप असते ३२ किंवा ६४ जीबीची. ती भरली की पुढचा डेटा हरवतो किंवा जुन्यावरच लिहिला जातो, आणि गिऱ्हाईक चार महिन्यांनी तुमच्या दारात.

यासाठी एफ३ नावाचं मोफत साधन आहे. एफ३राइट रिकाम्या जागेत फाइल भरते, एफ३रीड त्या परत वाचून ताळा करते. वेळ लागतो, रात्री लावून ठेवा. नवीन व्यापाऱ्याकडून माल घेतला की प्रत्येक लॉटमधला एक तरी पेन ड्राइव्ह मी असा तपासतो. एकदा अख्खा डबा परत केलाय. व्यापारी चिडला होता, “एवढं कोण बघतं?” म्हणाला.

वही

त्या बारशाच्या प्रकरणानंतर काउंटरवर एक २०० पानी वही ठेवलीय. डिस्क आली की तारीख, गिऱ्हाइकाचं नाव, डिस्कचा आकार, मॉडेल, सिरीअल, फाइल सिस्टिम, यूयूआयडीची शेवटची चार अक्षरं, आणि काम काय करायचंय ते एका ओळीत. पुसायचं काम असेल तर ‘यातला डेटा पुसायला माझी हरकत नाही’ असं गिऱ्हाइकाच्या हाताने लिहून सही. सुरुवातीला लोक हसायचे, “पेन ड्राइव्हला पण स्टॅम्प पेपर का?” आता कोणी हसत नाही. डिस्कवर मास्किंग टेपची पट्टी लावून वहीतला नंबर टाकतो. लिहिणारी कुठलीही कमांड चालवायच्या आधी वहीतला सिरीअल नंबर आणि स्क्रीनवरचा नंबर मोठ्याने वाचायचा, मदतनीस मुलाने ‘हो’ म्हणायचं, मग एंटर. आणि वरचा ॲरो दाबून जुनी कमांड आणायला आमच्या दुकानात बंदी आहे.

तपासणीचे १५० रुपये मी आधी घेतो, काम होवो न होवो. नवीन दुकानदार हे पैसे घ्यायला लाजतात, “नुसतं बघितलं त्याचे कसले पैसे?” लाजून फुकट बघितलंत की तुम्ही घाईत बघता, आणि घाईत बघितलं की काय होतं ते वर सांगितलंय. खर्च म्हणाल तर जुना डेस्कटॉप, एक कन्व्हर्टर, एक कार्ड रीडर, वही आणि टेप. सगळी सॉफ्टवेअर फुकट.

तो फोटोग्राफर अजून येतो. वर्षभर आला नव्हता, मग एक दिवस आला. डिस्क काउंटरवर ठेवतो आणि मी विचारायच्या आधी स्वतःच सिरीअल नंबर वाचायला लागतो.

सराव करायचा असेल तर स्वतःचा, रिकामा पेन ड्राइव्ह घ्या, मशीनला लावलेल्या बाकीच्या सगळ्या डिस्क काढा, आणि आठवडाभर फक्त बघण्याच्या कमांड चालवा: एलएसबीएलके, बीएलकेआयडी, डीएमईएसजी, फाइल हायफन एस. डीडीला हात लावू नका. पुढच्या व्हिडिओत एफ३ ची तपासणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवतो, त्यासाठी एक नकली पेन ड्राइव्ह मुद्दाम जपून ठेवलाय.